इंग्रजी नाम आणि त्यापुढचं ‘टू’: ‘डिसिजन टू गो’ चालतं, मग ‘हॅबिट टू गो’ का नाही?

वेलांटी

मराठीत ‘जाण्याचा निर्णय’, ‘जाण्याची संधी’, ‘जाण्याची सवय’, ‘जाण्याची शक्यता’ ही सगळी मंडळी एकाच साच्यातून निघतात. क्रियापदाला ‘-ण्याचा, -ण्याची’ लावलं की काम झालं. इंग्रजीत मात्र ‘डिसिजन टू गो’, ‘ऑपॉर्च्युनिटी टू गो’ बरोबर आणि ‘हॅबिट टू गो’, ‘पॉसिबिलिटी टू गो’ चूक. तिथे ‘हॅबिट ऑफ गोइंग’, ‘पॉसिबिलिटी ऑफ गोइंग’.

क्रियापदांच्या याद्या कुठेही मिळतात: ‘वॉन्ट’पुढे ‘टू’, ‘एन्जॉय’पुढे आयएनजी वगैरे. नामांच्या बाबतीत बहुतेक पुस्तकं दोन ओळींत गुंडाळतात. म्हणून प्रश्न:

१. कोणतं नाम ‘टू’ घेणार हे आधी ओळखता येतं का?
२. काही नामं दोन्ही घेतात (‘चान्स टू’, ‘चान्स ऑफ’). तिथे अर्थ बदलतो का?
३. ‘अ पेन टू राइट’ की ‘अ पेन टू राइट विथ’?
४. शंका आली तर प्रत्यक्ष वापर कुठे आणि कसा तपासायचा?

रफार

आधी एक गोष्ट वेगळी काढू, नाहीतर पुढे सगळा गुंता होईल. नामापुढे ‘टू’ आणि क्रियापद दिसलं म्हणजे रचना एकच आहे असं नाही. निदान तीन वेगळ्या रचना दिसायला सारख्या असतात.

पहिलीत इन्फिनिटिव्ह (‘टू’ आणि त्यापुढचं मूळ क्रियापद) हा नामाचा आशय असतो. ‘द डिसिजन टू क्लोज द ऑफिस’. निर्णय कशाचा? ऑफिस बंद करण्याचा. इथे ‘टू’पुढचं वाक्य स्वतःत पूर्ण असतं, त्यात काही रिकामं राहत नाही.

दुसरीत इन्फिनिटिव्ह नामाचं विशेषण होतं. ‘अ बुक टू रीड’, वाचायचं पुस्तक. इथे ‘रीड’ला कर्म हवं आणि ते कर्म म्हणजे तेच मागचं ‘बुक’. म्हणजे ‘टू’पुढच्या भागात एक जागा रिकामी आहे आणि मागचं नाम ती भरतं.

तिसरीत दोघांचा संबंधच नाही, फक्त शेजार आहे. ‘शी लेफ्ट द रूम टू टेक अ कॉल’. ‘टू टेक अ कॉल’ हा ‘लेफ्ट’चा हेतू आहे, ‘रूम’शी त्याचं काही देणंघेणं नाही.

पहिली दोन वेगळी ओळखायला ‘प्रॉमिस’ हे नाम फार उपयोगी आहे:

‘ही हॅज अ प्रॉमिस टू कीप’: त्याला एक वचन पाळायचं आहे.
‘ही मेड अ प्रॉमिस टू कीप क्वाएट’: त्याने गप्प राहण्याचं वचन दिलं.

पहिल्यात ‘कीप’चं कर्म गायब आहे, ते म्हणजे ‘प्रॉमिस’. दुसऱ्यात ‘कीप क्वाएट’ पूर्ण आहे. मराठीतही इथे साचा बदलतो बघा: ‘पाळायचं वचन’ आणि ‘गप्प राहण्याचं वचन’. ‘-ायचं’ आलं तर बहुतेक वेळा दुसरी रचना असते, ‘-ण्याचं’ आलं तर पहिली. शंभर टक्के नाही, पण चाचणी म्हणून पुरते.

तुमचा पहिला प्रश्न फक्त पहिल्या रचनेचा आहे. दुसऱ्या रचनेत जवळपास कोणतंही नाम चालतं: ‘अ हॅबिट टू अव्हॉइड’ म्हणजे टाळावी अशी सवय, आणि ते अगदी बरोबर इंग्रजी आहे. म्हणून ‘हॅबिट’पुढे ‘टू’ कधीच येत नाही असं पाठ करू नका.

जोडाक्षर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बऱ्यापैकी ओळखता येतं. नामाच्या घराण्यात डोकवायचं. ज्या क्रियापदापासून किंवा विशेषणापासून नाम बनलं, ते ‘टू’ घेत असेल तर नामही सहसा घेतं.

क्रियापदांकडून: डिसाइड → डिसिजन, रिफ्यूज → रिफ्यूझल, अटेम्प्ट, प्लॅन, प्रॉमिस, ऑफर, थ्रेट, ॲग्रीमेंट, टेन्डन्सी, फेल्युअर, डिझायर, विश, नीड, परमिशन.
विशेषणांकडून: एबल → अबिलिटी, विलिंग → विलिंगनेस, रिलक्टन्ट → रिलक्टन्स, ईगर → ईगरनेस, रेडी → रेडीनेस, फ्री → फ्रीडम.

यांच्या जोडीला काही नामं अशी की ज्यांना सोयीचं घराणं नाही, पण अर्थ त्याच गोटातला: राइट, ड्यूटी, पॉवर, चान्स, ऑपॉर्च्युनिटी, टाइम, करेज, नर्व्ह, इन्सेन्टिव्ह, मोटिव्हेशन. यांना जोडणारं सूत्र म्हणजे इच्छा, हक्क, बळ, मुभा, बंधन. कुणीतरी काहीतरी करेल, करू शकेल किंवा त्याला करावं लागेल, अशी पुढे बघणारी नामं.

उलट बाजूला ‘ऑफ’ घेणारी: हॅबिट, रिस्क, डेंजर, प्रॉस्पेक्ट, मेमरी, मेथड, प्रोसेस, ॲक्ट, पॉसिबिलिटी. यांतली बरीचशी क्रियेकडे घडणारी घटना किंवा चाललेली गोष्ट म्हणून बघतात, कर्त्याच्या मनातला बेत म्हणून नाही.

काना_मात्रा

घराण्याचा नियम चांगला आहे, पण गळतो, आणि कुठे गळतो ते सांगितलं नाही तर लोक ‘पॉसिबिलिटी टू’च लिहीत राहतील. कारण ‘पॉसिबल टू’ बरोबरच आहे ना!

गळती होते ती अशी:

‘इट इज पॉसिबल टू विन’ चालतं, पण ‘पॉसिबिलिटी ऑफ विनिंग’.
‘ही इज लाइकली टू विन’ चालतं, पण ‘लाइकलिहुड ऑफ विनिंग’.
‘डिफिकल्ट टू ओपन’ चालतं, पण ‘डिफिकल्टी इन ओपनिंग’ किंवा नुसतं ‘डिफिकल्टी ओपनिंग’.
‘होप टू विन’ हे क्रियापद म्हणून ठीक, नाम मात्र ‘इन द होप ऑफ विनिंग’.
‘लव्ह टू रीड’ ठीक, नाम ‘लव्ह ऑफ रीडिंग’.
‘प्रिटेन्ड टू लिसन’ ठीक, नाम ‘प्रिटेन्स ऑफ लिसनिंग’.

यातल्या विशेषणांच्या गळतीला कारण आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९७० च्या नामीकरणावरच्या (क्रियापद-विशेषणांपासून नाम बनवण्यावरच्या) लेखात ‘ईगर’ आणि ‘ईझी’ या दोघांवर बोट ठेवलं होतं. ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’ दिसायला जुळी भावंडं. नाम करायला गेलात की एक टिकतं आणि दुसरं कोसळतं: ‘जॉन्स ईगरनेस टू प्लीज’ बरोबर, ‘जॉन्स ईझीनेस टू प्लीज’ चूक. कारण उत्सुकता जॉनची स्वतःची आहे. सोपेपणा जॉनचा नाही, तो ‘जॉनला खूश करणे’ या अख्ख्या क्रियेचा आहे. तसंच ‘लाइकली’चं: शक्यता ‘तो’ या माणसाची नसते, ‘तो जिंकणे’ या घटनेची असते.

म्हणून नियम थोडा घट्ट करू: ज्या विशेषणातला गुण त्या माणसाचा स्वतःचा (मनात किंवा अंगात असलेला), त्याचं नाम ‘टू’ घेतं. गुण जर घटनेचा असेल तर नाम ‘ऑफ’कडे किंवा ‘इन’कडे जातं. ‘टेन्डन्सी टू’ आणि ‘फेल्युअर टू’ हे दोन अपवाद मात्र दणकट आहेत. पाऊससुद्धा ‘टेन्डन्सी टू’ दाखवू शकतो, त्याला कुठलं मन!

‘फेल्युअर’बद्दल एक जास्तीचं. ‘फेल्युअर टू पे’ म्हणजे पैसे भरण्याच्या प्रयत्नात अपयश असं नाही. त्याचा साधा अर्थ ‘पैसे न भरणे’. कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत ते सतत दिसतं आणि भाषांतर करताना ‘अपयश’ लिहिलं की वाक्याचा अर्थच सटकतो.

वेलांटी

‘पाळायचं वचन’ची चाचणी आणि माणसाचा गुण की घटनेचा, ही दोन्ही पटली. पण ‘इट वॉज अ गुड आयडिया टू वेट’ हे सर्रास ऐकू येतं. मग ‘आयडिया’ कोणत्या गटात?

रफार

तिथे ‘टू वेट’ हे ‘आयडिया’चं नाहीच. ते वाक्याचं खरं कर्तृपद आहे, ‘इट’ ही फक्त पुढे बसवलेली जागा. उलटं करून बघा: ‘टू वेट वॉज अ गुड आयडिया’. वाक्य उभं राहिलं. असंच ‘इट्स अ प्लेझर टू मीट यू’, ‘इट वॉज अ मिस्टेक टू साइन’. पण नाम स्वतःच्या पायावर उभं केलं की ‘द आयडिया ऑफ वेटिंग’, ‘द प्लेझर ऑफ मीटिंग यू’. ऐकून शिकणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो: ‘इट’वाली वाक्यं इतकी कानावर पडतात की ‘आयडिया टू’ ही जोडी डोक्यात बसते.

पूर्णविराम

दुसऱ्या प्रश्नावर. दोन्ही घेणारी नामं एकेक करून बघावी लागतात, सरसकट नियम नाही.

चान्स: ‘अ चान्स टू विन’ म्हणजे जिंकायची संधी, ‘अ गुड चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची बरीच शक्यता. संधीला ‘टू’, संभाव्यतेला ‘ऑफ’.

इन्टेन्शन: ‘ही अनाउन्स्ड हिज इन्टेन्शन टू रिझाइन’, पण नकारात ‘ही हॅज नो इन्टेन्शन ऑफ रिझाइनिंग’. ‘नो’ किंवा ‘एनी’ दिसलं की ‘ऑफ’कडे ओढा. ‘नो इन्टेन्शन टू’ चूक नाही, पण ‘ऑफ’ जास्त रुळलेलं.

वे: ‘द बेस्ट वे टू लर्न’ ध्येयाकडे जाणारी वाट. ‘हर वे ऑफ स्पीकिंग’ तिची बोलण्याची ढब. मागे ‘हर’, ‘हिज’ असं कुणाचं तरी असेल आणि ढब सांगायची असेल तर ‘ऑफ’च.

रीझन: ‘नो रीझन टू लीव्ह’ म्हणजे जावं असं काही नाही. ‘हिज रीझन फॉर लीव्हिंग’ म्हणजे तो गेला आहे, किंवा जाणार हे ठरलं आहे, त्याचं कारण.

अटेम्प्ट: क्रियापद असेल तर ‘टू’ (‘अटेम्प्ट टू एस्केप’), पुढे नाम असेल तर ‘ॲट’ (‘अटेम्प्ट ॲट ह्यूमर’).

अबिलिटी: इथे निवडच नाही. ‘अबिलिटी ऑफ डूइंग’ चूक, कायम ‘टू’. भाऊबंद मात्र वेगळे वागतात: ‘कपॅसिटी टू’ चालतं आणि नामापुढे ‘कपॅसिटी फॉर’.

अनुस्वार

एक मोठा सापळा राहिला: जिथे ‘टू’ हे इन्फिनिटिव्हचं नसून साधं प्रेपोझिशन (‘ऑन’, ‘विथ’सारखा नामाआधी येणारा शब्द) आहे. ‘ऑब्जेक्शन टू’, ‘अप्रोच टू’, ‘ऑपोझिशन टू’, ‘रेझिस्टन्स टू’, ‘डेडिकेशन टू’, ‘अडिक्शन टू’, ‘ऑल्टर्नेटिव्ह टू’. यांच्यापुढे मूळ क्रियापद आलं की वाक्य बिघडलं. ‘ऑब्जेक्शन टू शेअरिंग’ हवं, ‘ऑब्जेक्शन टू शेअर’ नको.

चाचणी सोपी: क्रियापदाच्या जागी साधं नाम घाला. ‘ऑब्जेक्शन टू द प्लॅन’ चालतं, म्हणजे प्रेपोझिशन, म्हणजे आयएनजी. ‘डिसिजन टू द प्लॅन’ चालत नाही, म्हणजे इन्फिनिटिव्ह.

चाचणी फसते ती दोन ठिकाणी. ‘राइट’: ‘राइट टू प्रायव्हसी’ चालतं, तरी क्रियापदाला ‘राइट टू व्होट’च, ‘राइट टू व्होटिंग’ नाही. आणि ‘कमिटमेंट’: ‘कमिटमेंट टू रिड्यूस कॉस्ट्स’ आणि ‘कमिटमेंट टू रिड्यूसिंग कॉस्ट्स’ दोन्ही आहेत. पहिल्यात अमुक एक गोष्ट करू असा शब्द दिलेला असतो, दुसऱ्यात त्या गोष्टीशी बांधिलकी.

जोडाक्षर

तिसरा प्रश्न, पेनचा. ‘लिहायला पेन’, ‘बसायला खुर्ची’, ‘प्यायला ग्लास’ यात मराठीला ‘ने’, ‘वर’, ‘मधून’ काहीच लागत नाही. इंग्रजीला लागतं, आणि ते शेवटी लटकतं: ‘अ पेन टू राइट विथ’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ ग्लास टू ड्रिंक फ्रॉम’, ‘समवन टू टॉक टू’, ‘नथिंग टू वरी अबाउट’.

पडताळा असा घ्या: नाम उचलून क्रियापदामागे ठेवा. ‘सिट द चेअर’ होत नाही, ‘सिट ऑन द चेअर’ होतं, म्हणून ‘ऑन’ हवंच. ‘रीड द बुक’ होतं, म्हणून ‘अ बुक टू रीड’, मागे काही नको. ‘राइट’बाबत अर्थच पालटतो: ‘पेपर टू राइट ऑन’ म्हणजे लिहायला कागद, पण ‘अ पेपर टू राइट’ म्हणजे लिहायचा राहिलेला शोधनिबंध!

सूट दोन ठिकाणी. ‘प्लेस’, ‘टाइम’, ‘वे’ यांच्यामागचं प्रेपोझिशन गळतं: ‘अ प्लेस टू लिव्ह’, ‘टाइम टू गो’. ‘हाउस’ला ही सवलत नाही, ‘अ हाउस टू लिव्ह इन’च. दुसरं, क्रियापदाला स्वतःचं कर्म मिळालं असेल तर ‘विथ’ सैल पडतं: ‘अ नाइफ टू कट द ब्रेड’, ‘मनी टू बाय बुक्स’. अशा वेळी ते हेतुवाचक म्हणून वाचलं जातं.

औपचारिक लेखनात प्रेपोझिशन पुढे आणता येतं: ‘अ पेन विथ व्हिच टू राइट’. पण प्रेपोझिशन नसेल तर ‘व्हिच’ही नाही. ‘अ बुक व्हिच टू रीड’ हे इंग्रजीच नव्हे.

काना_मात्रा

जोडाक्षर यांनी कर्माची आणि प्रेपोझिशनची बाजू सांगितली. कर्त्याचीही एक आहे. ‘फर्स्ट, लास्ट, नेक्स्ट, ओन्ली’ आणि तमभाव (‘बेस्ट’सारखी ‘सगळ्यांत’ अर्थाची रूपं) असले की नाम हे पुढच्या क्रियापदाचा कर्ता होतं: ‘व्हॅलेन्टिना तेरेश्कोव्हा वॉज द फर्स्ट वुमन टू गो टू स्पेस’. घटना १९६३ ची, म्हणजे झालेली, तरी इन्फिनिटिव्हच. इथे काळ ‘वॉज’वरून कळतो. ‘टू’ म्हणजे भविष्य, असा जो समज असतो तो या रचनेत टिकत नाही.

आणि संदर्भ नसेल तर ‘द फर्स्ट पर्सन टू कॉल’ दोन्ही बाजूंनी वाचता येतं: सगळ्यांत आधी फोन करणारा, आणि ज्याला सगळ्यांत आधी फोन करायचा तो. सूचनापत्रकात लिहायचं असेल तर दुसऱ्या अर्थासाठी ‘यू शुड कॉल’ असं फोडून लिहिलेलं बरं.

रफार

अशा दुहेरी वाक्यांत बोलताना आघात वेगळा पडतो, आणि ही गोष्ट लिहिताना पूर्ण हरवते. स्टॅन्ली न्यूमन यांनी १९४६ मध्ये नोंदवलेलं उदाहरण भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे: ‘जॉर्ज हॅज प्लॅन्स टू लीव्ह’. जोर ‘लीव्ह’वर पडला तर जॉर्जचा निघायचा बेत आहे. जोर ‘प्लॅन्स’वर पडला तर त्याच्याकडे आराखडे आहेत आणि ते त्याला ठेवून जायचे आहेत. जोन ब्रेसनन यांनी १९७१ मध्ये हाच धागा पुढे नेला: ‘टू’पुढे जागा रिकामी असेल तर मुख्य आघात मागच्या नामावर सरकतो. उच्चार शिकवणाऱ्यांनी हे जरूर वापरावं. ‘आय हॅव वर्क टू डू’ यात ‘डू’वर जोर देऊन बोललं की बिचकल्यासारखं ऐकू येतं, त्याचं कारण हेच.

पूर्णविराम

चौथा प्रश्न: तपासायचं कसं.

त्यासाठी कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा संग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांचा आहे, पण जुना, बहुतांश १९८० आणि ९० च्या दशकांतला. अमेरिकन इंग्रजीसाठी कोका (COCA) हा कॉर्पस, १९९० ते २०१९ मधले १ अब्जाहून जास्त शब्द. गूगल बुक्सचं एन्ग्रॅम व्ह्यूअर (छापील पुस्तकांत शब्दजोड्या किती वेळा येतात ते दाखवणारं साधन) सगळ्यांत चटकन होतं, पण त्यात संदर्भ लगेच दिसत नाही.

एन्ग्रॅममध्ये नाम आणि ‘टू’ लिहून पुढे तारा (*) टाकला की सर्वाधिक येणारे १० शब्द दिसतात. तुलना करायची तर मात्र तारा नको, एकच क्रियापद दोन्हीकडे घ्या: ‘पॉसिबिलिटी टू यूझ’ विरुद्ध ‘पॉसिबिलिटी ऑफ यूझिंग’. क्रियापदाचा टॅग (शब्दाची जात सांगणारी खूण) लावून शोधलं तर आयएनजी रूपं कधी नाम म्हणून मोजली जातात आणि ‘ऑफ’ची बाजू उगाच खाली दिसते.

कॉर्पसमधली मोठी अडचण म्हणजे खोटे मासे. ‘नाम + टू + क्रियापद’ असं सरसकट शोधलं की ‘पीपल टू’ ढिगाने येतं. ते ‘अलाउ पीपल टू’, ‘आस्क पीपल टू’ यांतलं असतं, ‘पीपल’चं त्यात कर्तृत्व शून्य. हे गाळायला नामाआधी ‘हिज’ किंवा ‘देअर’ लावून शोधा (‘देअर रिफ्यूझल टू’). तेवढ्याने सगळं गळत नाही, म्हणून पहिली ४०-५० वाक्यं डोळ्यांनी वाचायचीच. आकडा बघून निकाल देऊ नये.

आकड्यांपेक्षा मागचं क्रियापद टिपून ठेवलेलं जास्त कामाला येतं. ‘मेक’ घेणारी: अटेम्प्ट, एफर्ट, डिसिजन, प्रॉमिस. ‘हॅव’ घेणारी: राइट, करेज, अबिलिटी, टेन्डन्सी. ‘टेक’ घेणारी: टाइम, ट्रबल, ऑपॉर्च्युनिटी. आणि बातम्यांच्या मथळ्यांत ‘बिड टू’, ‘मूव्ह टू’, ‘प्लेज टू’ भरपूर, कारण शब्द छोटे. मथळ्यातलं ‘बिड’ रोजच्या ईमेलमध्ये आणू नका, विचित्र दिसतं.

वेलांटी

मग आता ही पाच वाक्यं तपासून द्या. मराठीतून विचार केला की हीच निघतात:

१. ‘ही हॅज अ हॅबिट टू चेक मेल ॲट नाइट.’
२. ‘देअर इज नो पॉसिबिलिटी टू चेंज द डेट.’
३. ‘आय हॅड डिफिकल्टी टू ओपन द फाइल.’
४. ‘द रिस्क टू लूझ डेटा इज हाय.’
५. ‘ही डिडन्ट टेक द डिसिजन टू गो.’ (न जाण्याचा निर्णय घेतला, असं म्हणायचं आहे.)

अनुस्वार

१. ‘अ हॅबिट ऑफ चेकिंग मेल’.
२. ‘पॉसिबिलिटी ऑफ चेंजिंग’ केलं तर व्याकरण सुटेल, वाक्य जडच राहील. नाम सोडून द्या: ‘इट इज नॉट पॉसिबल टू चेंज द डेट’, किंवा सरळ ‘द डेट कॅनॉट बी चेंज्ड’. मराठीतली ‘शक्यता नाही’ इंग्रजीत नाम म्हणूनच उतरली पाहिजे असं कुठे आहे?
३. ‘आय हॅड डिफिकल्टी ओपनिंग द फाइल’. ‘हॅव ट्रबल’, ‘हॅव अ हार्ड टाइम’, ‘हॅव फन’ यांच्यापुढेही असंच नुसतं आयएनजी.
४. ‘द रिस्क ऑफ लूझिंग डेटा’.
५. तुमच्या वाक्याचा अर्थ ‘जाण्याचा निर्णय त्याने घेतला नाही’ असा होतो. नकार नामाच्या पुढे सरकवा: ‘ही मेड द डिसिजन नॉट टू गो’. ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश वापरात आहे, ‘मेक’ दोन्हीकडे चालतं. ‘टू नॉट गो’ बोलण्यात ऐकू येतं, लिहिताना ‘नॉट टू’ ठेवा. ‘प्रॉमिस नॉट टू टेल’, ‘रीझन नॉट टू साइन’, सगळीकडे हेच. फक्त ‘फेल्युअर’, ‘रिफ्यूझल’ आणि ‘रिलक्टन्स’ यांच्यापुढे ‘नॉट’ घालताना थांबून बघा. नकार त्यांच्या पोटातच आहे, दुसरा घातला तर अर्थ उलटतो.